आत्याबाई यादीतून गायब!

"ताई, नावं सगळी स्मॉल अक्षरांतच ठेवा बरं का," नागपूरचा इंजिनिअर अनिल कॉम्प्युटर बसवून जाता जाता मला म्हणाला होता. "या मशीनला कॅपिटल आणि स्मॉल वेगवेगळं कळतं. बाहेरच्या छोट्या मशीनला नाही कळत. एखाद्या दिवशी घोळ होईल."

मी हसले! अहो, मी बी.एस्सी. फर्स्ट क्लास. वरून सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स, तोही चिनू पोटात असताना, एका हातात लिंबू आणि एका हातात वही धरून केलेला! आणि हा मुलगा मला ए-बी-सी-डी शिकवणार? "बरं बरं," म्हटलं, त्याच्या हातावर चार संत्री ठेवली आणि त्याला नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं.

तर झालं असं, की सौंसरच्या एका सेवा मंडळाला मुंबईच्या कुणा दानशूर माणसानं एक मोठा कॉम्प्युटर भेट दिला. मंडळातल्या लोकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि मग सगळे एकमेकांकडे पाहत उभे राहिले. चालवणार कोण? शोधता शोधता निरोप पांढुर्ण्याला माझ्यापर्यंत आला. आठवड्यातून दोनदा बसनं सौंसरला जायचं, मंडळाची कामं त्यात भरायची. आठ महिन्यांची चिनू घरी आत्याबाईंकडे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

आणि इथेच माझ्या जिवाला घोर होता! आत्याबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. उजवा चांगला, पण एकट्या उजव्यानं त्यांना अंतराचा अंदाज येईना. वरणाची फोडणी कढईऐवजी शेगडीवर पडायची. एकदा मी सौंसरहून परत आले तर चिनू पांढरीफटक! अंगाला पावडर म्हणून आत्याबाईंनी तांदळाची पिठी लावलेली. "डबा सारखाच हाय ना व," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी बसमध्ये बसले की डोळ्यांपुढे एकेक डबा यायचा. आज पिठी, उद्या खायचा सोडा, परवा मुंग्यांची पावडर! सौंसर येईपर्यंत माझ्या हातातल्या रुमालाची दोरी झालेली असायची.

म्हणून मंडळानं जानेवारीत पांढुर्ण्याच्या शाळेत नेत्रशिबिर घ्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. नागपूरचे डॉक्टर एकच दिवस येणार, फुकट ऑपरेशन. यंदा हुकलं की थेट पुढचा जानेवारी! आणि तोवर चिनू चालायला लागणार, विहिरीपर्यंत जाणार, आणि तिच्यामागे एका डोळ्यानं आत्याबाई. नको रे देवा!

मंडळाचे सचिव वसंतराव म्हणाले, "ताई, यादी कॉम्प्युटरवर पाहिजे. वर्तमानपत्रात फोटो येईन!"

"तुम्ही काही काळजी करू नका," मी म्हटलं. "एक चूक सापडली तर नोकरी सोडून देईन."

हे वाक्य मी खरंच बोलले. चारचौघांत. मोठ्यानं.

चौऱ्याऐंशी पेशंटांचे तपासणीचे फॉर्म आले. प्रत्येकाची कॉम्प्युटरमध्ये एक वेगळी फाइल: वय, कोणता डोळा, ब्लडप्रेशर, साखर. फाइलला नाव पेशंटचंच. आता आमच्या भागात एकाच नावाची दोन माणसं निघाली की आपण काय करतो? मोठा श्रावण, लहाना श्रावण. मोठी कुसुम, लहानी कुसुम. कुणाला आडनाव विचारावं लागत नाही! मीही तेच केलं. वयानं मोठं माणूस असेल त्याच्या फाइलचं नाव कॅपिटल अक्षरांत, लहान असेल त्याचं स्मॉल. आमच्या आत्याबाईंचं नाव मनकर्णा, वय बासष्ट. आणि जाम नदीपलीकडच्या सावरगावची एक मनकर्णा, शेतावर कामाला जाणारी, वय अडतीस, तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. मग आत्याबाई कॅपिटल, सावरगावची स्मॉल. वडीलधाऱ्यांचा मान राहिला, आणि मशीननंही दोघींना निमूट वेगवेगळं ठेवलं. अशा नऊ जोड्या होत्या. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की त्या दिवशी मंडळाचा शिपाई भिवाजी याला माझ्या पैशानं चहा पाजला.

शिबिराच्या आदल्या दिवशी सगळ्या फाइली फ्लॉपीवर उतरवल्या आणि फ्लॉपी पदराखाली घेऊन पांढुर्ण्याला आले. तिथल्या टायपिंग क्लासमध्ये एक छोटा कॉम्प्युटर आणि प्रिंटर होता. घातली फ्लॉपी, दिली आज्ञा. प्रिंटर करकर करत चिठ्ठ्या काढू लागला. नाव, वय, डोळा. नाव, वय, डोळा. खाली ब्लडप्रेशर आणि साखर. मांडीवर चिनू किरकिरत होती, तिला दात येत होते. चिठ्ठ्या मोजायच्या राहिल्या.

मोजल्या असत्या तर पंचाहत्तर भरल्या असत्या.

सकाळी शाळेचं पटांगण माणसांनी भरलेलं. वसंतराव लाउडस्पीकरवर. मी चिनूला कडेवर घेऊन व्यवस्थेला. प्रत्येकाच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचं औषध टाकून त्यांना बाकांवर बसवलेलं, म्हणजे आख्ख्या पटांगणात मला धड दिसणारं माणूस सापडेना. आत्याबाईंना मी पहिल्या रांगेत बसवलं, शाल नीट केली आणि चिनूच्या दुधाची बाटली बघायला वळले.

साडेअकरापर्यंत सगळं कसं लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं होतं. मग निवृत्त हेडमास्तर श्रीधर गुरुजी काठी आपटत माझ्यापुढे आले. खरं तर ते खांबापुढे उभे राहून खांबाशीच बोलत होते, मीच सरकून समोर गेले.

"सूनबाई, माझ्या दुकानावरचा पोऱ्या, लहाना श्रीधर, चाळीस वर्षांचा घोडा, तो आत जाऊन पट्टी बांधून बाहेर आला! मी त्याच्या आधीपासून बसून राहिलो! माझं नाव काहून येत नाही?"

"येईल गुरुजी. क्रमानं आहे."

"कोणता क्रम? सत्तरच्या आधी चाळीस येते काय? गणितात पास कोणी केलं तुले?"

तेवढ्यात वसंतराव धावत आले. "ताई, माझ्याजवळच्या चिठ्ठ्या संपत आल्या, अन् इकडं माणसं उरून राहिली! हे काय लफडं हाय?"

मी विचारलं, "किती माणसं?"

"नऊ!"

नऊ. नऊ जोड्या. मी डोळे मिटले आणि अनिलचा आवाज कानात घणासारखा वाजायला लागला. छोट्या मशीनला नाही कळत! त्यानं कॅपिटल मनकर्णा आधी उतरवून घेतली. मग स्मॉल मनकर्णा आली. त्याच्या लेखी नाव एकच! मग त्यानं दुसरीला पहिलीच्या जागेवर नेऊन बसवलं आणि पहिलीला पुसून टाकलं. ना हूं, ना चूं. एकूण एक वडीलधारी माणसं माझ्या हातानं यादीतून गेली होती. ज्यांचा मान राखायला गेले, नेमकी तीच!

'म्हणजे आत्याबाईंचं नाव येणारच नाही,' असा विचार करत मी पहिल्या रांगेकडे वळले. आणि बाक रिकामा!

"आत्याबाई कुठं गेल्या?"

"आत," वसंतराव म्हणाले. "आत्ताच तं बोलावलं ना मनकर्णाले."

"पण ती चिठ्ठी..."

"व ताई," मागून कुणी तरी माझा पदर ओढला. सावरगावची मनकर्णा. हातात चहाचा पेला, डोक्यावरून पदर. "माहा नंबर आला काय? मी च्या प्याले गेलती."

चिठ्ठी हिची. उजवा डोळा हिचा. आणि त्या चिठ्ठीवर आत गेल्या होत्या आत्याबाई! त्यांचा एकुलता एक चांगला डोळा घेऊन!

मी धावले. आयुष्यात शाळेच्या खेळांतही कधी धावले नव्हते तशी. ऑपरेशनच्या वर्गाबाहेर वॉर्डबॉय आडवा आला.

"लेकरू घेऊन आत जाता येत नाही."

"माझ्या सासूचा डोळा..."

"सगळ्यांच्याच सासवा हायेत आत!"

काय करणार? मागून काठी टेकत आलेले श्रीधर गुरुजी दिसले. मी चिनूला त्यांच्या हातात दिलं. "गुरुजी, घट्ट धरा!" म्हटलं. धाडकन दार ढकलून आत शिरताना गुरुजींचा आवाज ऐकला, "हे काय गठुडं दिलं व सूनबाई? ओलं हाय!" हो! ज्या माणसाला खांब आणि मी यांतला फरक कळत नव्हता, त्याच्या हातात मी माझं लेकरू दिलं. सकाळ-संध्याकाळ बाटली उकळून दूध पाजणारी मी! आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

आत टेबलावर आत्याबाई आडव्या. उजव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस कापलेले, भुवईवर जांभळ्या औषधाची फुली. बाजूला कंपाउंडर, हातात चिठ्ठी.

"थांबा!" मी किंचाळले. "तो डोळा नाही!"

कंपाउंडर शांतपणे म्हणाला, "बाई, कॉम्प्युटरात उजवा लिहिला हाय. कॉम्प्युटर चुकत नाही."

"अहो, त्यात वय अडतीस लिहिलंय! या तुम्हाला अडतीसच्या वाटतात?"

"मी विचारलं ना. मी म्हटलं, आजी, अडतीस? तर आजी म्हणाल्या, असन बापा."

"आत्याबाई!" मला रडू फुटलं. "तुम्हाला माहीत होतं ना, डावा डोळा आहे म्हणून? तुम्ही बोलल्या का नाहीत?"

आत्याबाई छताकडे पाहत शांतपणे म्हणाल्या, "बोलली ना. पण ते म्हणे, कॉम्प्युटरात उजवा हाय. मी म्हटलं, कॉम्प्युटरात माह्या सुनेनं लिहिलं. माही सून बी.एस्सी. हाय. तिनं उजवा लिहिला तं उजवाच असन. मले काय समजते?"

मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं! तीन वर्षांत या बाईनं माझ्या हातच्या आमटीवर विश्वास ठेवला नाही. भाकरी करताना मागे उभ्या राहतात. आणि ठेवला तो कधी? डोळा कापताना!

तोवर डॉक्टर हात धुऊन आले. त्यांनी टॉर्च मारून आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा, मग माझ्याकडे पाहिलं. त्या टॉर्चपेक्षा ती नजर जास्त टोचली.

"मी डोळा बघितल्याशिवाय सुरी लावत नाही," ते म्हणाले. "आजींचा उजवा डोळा वाचलाच असता. पण आता मला या यादीतलं काहीच खरं वाटत नाही. यांची साखर किती? प्रेशर किती? कागद कुठे आहेत?"

"सौंसरला," मी पुटपुटले. "मंडळात. कॉम्प्युटर असल्यावर कागद कशाला वागवायचे, म्हणून..."

"कागद असल्याशिवाय मी या नऊ जणांना हात लावणार नाही. माझी गाडी पाच वाजता आहे. दोनपर्यंत आकडे आले तर करीन. नाही तर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! माझ्यापुढे विहीर आली, चिनूची पावलं आली, मुंग्यांच्या पावडरचा डबा आला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाहेर आले तर गुरुजी बाकावर ताठ बसलेले आणि चिनू त्यांच्या मिशा ओढत होती. "ह्या पोट्टीले आवर," ते म्हणाले, "एक बाजू गेली." मी लेकरू ओढून घेतलं, बोटं मोजली, वीसच्या वीस होती, आणि पोस्टाकडे पळाले.

आमचे हे, म्हणजे अरविंद, पोस्टात फोनच्या खिडकीवर असतात. मला तशा अवतारात पाहून त्यांच्या हातातला शिक्का टेबलावर उमटला.

"आईला काय झालं?"

"अजून काही झालं नाही. सौंसरचा कॉल लावा. लायटनिंग, सगळ्यांत तातडीचा!"

लायटनिंग कॉलला सौंसर लागायला पस्तीस मिनिटं लागली. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, मग फोनवर भिवाजीचा आवाज आला.

"हालो? इथं कोणी नाही."

"भिवाजी, तुम्ही आहात ना! मी बोलतेय. माझे फॉर्म कुठं आहेत? शिबिराचे, पिवळे कागद!"

"कॉम्प्युटर पाहिजे काय बाई? त्याले मी हात लावत नाही. खोलीत जाताना चपला काढतो अन् लांबूनच नमस्कार करतो."

"कॉम्प्युटर नको हो! कागद! कागद कुठं ठेवले?"

भिवाजी हळूच म्हणाला, "बाई, रागावसान."

"नाही रागावणार."

"तुमच्या कॉम्प्युटरचं टेबल हालून राहिलं होतं ना. एक पाय आखूड हाय. म्हणून मी ते कागद घडी करून पायाखाली घातले. आता कसं घट्ट बसलं! कागदाचा लय उपयोग झाला."

अरविंदांनी कपाळावर हात मारला. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

"काढू कसा? कॉम्प्युटर पडन ना!"

"पडू द्या!"

"तीन लाखाचा हाय म्हणते ना बाई!"

"माझ्या सासूचा डोळा आहे, भिवाजी!"

तेवढ्यात लाइन गेली. पुन्हा लागायला पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत मी जामसांवलीच्या मारुतीला एक नारळ बोलले, मग पाच बोलले, मग अकरा. अरविंद म्हणाले, "थांब, तिथं नारळाचं दुकान काढावं लागेल." यांना चेष्टा सुचत होती!

दुसऱ्यांदा भिवाजीनंच पहिल्या घंटीला फोन उचलला. कागद काढले होते. टेबलाखाली त्यानं स्वतःचा जेवणाचा डबा घातला होता. चौथी शिकलेला माणूस, एकेक अक्षर बोटानं चाचपत वाचत होता, आणि मी पोस्टाच्या मनीऑर्डरच्या फॉर्ममागे लिहून घेत होते. "म... न... क... र्णा. वय बासष्ट. डोळा... डा... वा."

"डावा! नक्की ना?"

"बाई, डावाच लिहिलं हाय. अक्षर तुमचंच हाय."

मध्ये लाइन आणखी एकदा गेली. नवव्या माणसाची साखर लिहून घेतली तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. मी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी मनीऑर्डरचा फॉर्म उलटसुलट पाहिला आणि आधी सावरगावच्या मनकर्णेचं ऑपरेशन करून टाकलं. मग एकेक करून नऊ जण. आत्याबाई शेवटी. साडेचारला त्या बाहेर आल्या, डाव्या डोळ्याला हिरवी पट्टी. वसंतरावांनी फोटो काढवून घेतला, पण वर्तमानपत्रात आला नाही, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा!

गावात मात्र बातमी आलीच. बाजारात भाजीवाली मला म्हणाली, "बाई, तुम्ही सासूले यादीतून काढलं म्हणते? आम्हालेबी सांगा ना, कसं काढाचं?"

नोकरी सोडायचं माझं वाक्य वसंतरावांना आठवत होतं, पण माझ्याशिवाय दुसरं कुणी त्या यंत्राला हात लावायला तयार नव्हतं. त्यामुळे विषय निघाला नाही. सौंसरच्या पुढच्याच फेरीत मी सगळ्या फाइली स्मॉल केल्या. आता मोठी-लहानी असं काही नाही, नावापुढे आकडे आहेत. आत्याबाई एक, सावरगावची दोन.

आता आत्याबाईंचं सांगते. सहाव्या दिवशी पट्टी निघाली. सगळे कॉटभोवती गोळा झालो. मी चिनूला पुढे धरलं, म्हटलं नातीचं तोंड पहिलं दिसू दे. आत्याबाईंनी डोळा किलकिला केला, इकडे तिकडे फिरवला, आणि चिनूच्या डोक्यावरून थेट वर पाहत म्हणाल्या, "व माय! केवढी जाळी लागली तुह्या घरात!"

मग फडताळातली धूळ दिसली. डाळीतले खडे दिसले. माझ्या पातळाच्या घडी न बसलेल्या निऱ्यांची टोकं दिसली. दोन दिवसांत माझ्या संसाराची तपासणी पूर्ण झाली आणि तिसऱ्या दिवशी, "इथं धूळ लय हाय, डोळ्याले बरी नाही," असं म्हणून आत्याबाई सौंसरला लेकीकडे, म्हणजे माझ्या नणंदबाई जयश्रीताईंकडे, निघून गेल्या.

तेव्हापासून मला झोप नाही. डॉक्टरांनी महिनाभर दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब टाकायला सांगितलेत. खाली वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, डोळा चोळायचा नाही. मी पत्र टाकलं. उत्तर आलं, "आई मजेत आहे. थेंबांची बाटली चार दिवसांत संपली, दुसरी पाठवणे." महिन्याची बाटली चार दिवसांत! मी घाबरून परत पत्र टाकलं. तर जयश्रीताई लिहितात, औषध फार गुणाचं आहे म्हणून आई शेजारच्या दोन म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतही घालते, आणि काल आमच्या दारातल्या शेळीच्याही घातलं.

मी स्वतः गेले असते, पण आत्याबाई गेल्यापासून चिनूला ठेवायला कुणी नाही म्हणून माझ्या सौंसरच्या फेऱ्या बंद आहेत, वर तिला ताप आहे आणि दात अजून निघतोच आहे. म्हणून तुम्हाला सांगते. सौंसरला तुमच्यापैकी कुणाचं जाणं-येणं असेलच. बसस्टँडमागे, पिठाच्या गिरणीच्या गल्लीत, दारात शेळी बांधलेलं घर. जरा डोकावून या ना! आत्याबाई चुलीपुढे तर बसलेल्या नाहीत ना, डोळा लाल तर नाही ना, आणि नवी बाटली कुठपर्यंत आली आहे, एवढंच बघायचं. बघून मला एक कार्ड टाका.

आणि हो, सुनेनं पाठवलं असं मात्र सांगू नका. शेळीचा डोळा बघायला आलो म्हणा!